घाटउतारावरची कमाई

जळगावात वाहनांचं प्रदर्शन भरलं होतं, तिथे इलेक्ट्रिक गाडी स्वतः चालवून पाहायला मिळाली. मेहरूण तलावाच्या बाजूने एक फेरी, शेजारी कंपनीचा मुलगा, मागे माझे काका. बटण दाबलं, घरघर नाही, थरथर नाही. काकांनी मागून विचारलं, "भाऊ, गाडी चालू से का बंद?"

पिकअपचं कौतुक सगळेच करतात आणि ते खरंच आहे. मला मात्र त्यानंतरचा क्षण जास्त भावला. वळण आलं, सवयीने पाय ब्रेककडे निघाला, तोच मुलगा म्हणाला, "सर, ब्रेक राहू द्या, नुसता ॲक्सिलरेटरवरचा पाय उचला." उचलला. कुणी मागून धरून ठेवावी तशी गाडी मंदावली आणि समोरच्या पडद्यावरचा काटा शून्याच्या पलीकडे, हिरव्या पट्ट्यात गेला. त्या चार-पाच सेकंदांत गाडी वीज खात नव्हती, तयार करत होती.

हे कसं घडतं ते समजायला केळीच्या बागेत जाऊ. विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर दाबला की शेतातल्या घरातला दिवा क्षणभर मंदावतो, हे रावेर-यावलच्या कुणालाही सांगायला नको. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. फिरायला लागली की तिच्यात उलट्या दिशेचा विद्युतदाब तयार होतो आणि तो येणाऱ्या विजेला अडवतो. थांबलेल्या मोटरला ही अडवणूक नसते. गाडीत मात्र हा करंट बेलगाम सोडत नाहीत. बॅटरीतली डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज इन्व्हर्टर एसीमध्ये, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या विजेत बदलतो आणि पाय जितका दाबाल तितकीच मोजून देतो. म्हणून मोटर अगदी शून्य वेगापासून पूर्ण जोर लावू शकते. पेट्रोल इंजिनाला आधी फेरे वाढवावे लागतात, तेव्हा कुठे जोर येतो. क्लच आणि गिअरचा सगळा खटाटोप त्यासाठीच.

आता पाय उचलला. बॅटरीकडून वीज येणं थांबलं, पण चाकं मोटरला फिरवतच आहेत. मग तोच उलटा दाब कामाला येतो. इन्व्हर्टर वाट उलटी करतो आणि वीज मोटरकडून बॅटरीकडे वाहू लागते. चुंबक आणि तारेचं वेटोळं एकमेकांजवळ हलले की वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं. तीन वर्षांनी हाइनरिश लेंझने नियम सांगितला की अशी वीज स्वतःच्या कारणालाच विरोध करते. इथे कारण म्हणजे चाकाचं फिरणं, त्यामुळे चाकच मंदावतं. गाडी मागून धरल्यासारखी वाटली ती यामुळे.

उतारावर भरलेली बैलगाडी पाहिली असेल तर आठवा. बैल पाय रोवून, अंग मागे रेटून गाडी धरतात. चढावरही दमतात, उतारावरही दमतात, आणि उतारावरच्या त्या कष्टाचं काहीच हाती लागत नाही. साध्या मोटारीतही तेच होतं. चढताना जाळलेलं डिझेल उतरताना ब्रेकमध्ये उष्णता होऊन उडून जातं. घाट उतरून आलेल्या ट्रकच्या चाकांना येणारा जळका वास तापलेल्या ब्रेकचा, आणि ती उष्णता त्या डिझेलचीच.

चाळीसगावहून कन्नडचा घाट चढणारी गाडी माणसांसकट १६०० किलोची आणि चढ ३०० मीटरचा धरू. नुसतं वजन वर न्यायला ४७ लाख ज्यूल लागतात, म्हणजे सुमारे १.३ युनिट. उतरताना त्यातलं काही टायरच्या आणि हवेच्या घर्षणात जातं, थोडी गळती मोटर, इन्व्हर्टर आणि बॅटरीत होते. तरी माझ्या हिशेबाने अर्ध्या युनिटच्या वर बॅटरीत परत येतं. एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर जाणाऱ्या गाडीला पायथ्याशी तीन-चार किलोमीटरची शिदोरी उतरतानाच मिळते. आकडा लहान आहे, पण आजवर तो शून्य होता.

भुसावळवरून धावणाऱ्या रेल्वेच्या नव्या थ्री-फेज विद्युत इंजिनांना ही युक्ती नवी नाही. गाडीचा वेग कमी करताना ती वीज वरच्या तारेत परत सोडतात आणि त्याच तारेवरची दुसरी गाडी ती वापरते. मोटारीला डोक्यावर तार नाही, म्हणून परत आलेली वीज आपल्याच बॅटरीत ठेवावी लागते, आणि तिथेच मर्यादा येते.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. लिथियम बॅटरी फार तापली की तिच्या आतल्या नको त्या रासायनिक क्रिया वेग घेतात आणि तिचं आयुष्य घटतं. म्हणून बऱ्याच गाड्यांत बॅटरीभोवती थंड द्रव फिरवतात, आणि तापलेल्या बॅटरीत वीज जपूनच भरली जाते. लिथियमच्याच लोह-फॉस्फेट प्रकारच्या बॅटऱ्या उष्णता तुलनेने बरी सोसतात; खान्देशात गाडी घेताना बॅटरी कुठल्या प्रकारची आहे आणि तिला थंड कसं ठेवलंय, हे मी रंगाच्या आधी विचारेन.

बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते. तेव्हा पाय उचलूनही गाडी नेहमीसारखी मंदावत नाही आणि ब्रेकच दाबावा लागतो. त्यामुळे कन्नडला मुक्काम करून सकाळी चाळीसगावकडे उतरणाऱ्याने रात्री चार्जिंग नव्वद टक्क्यांवर थांबवावं.