मार्सेल किटेल

मार्सेल किटेल (जन्म : ११ मे १९८८, आर्नश्टाट, थुरिंगिया) हा जर्मनीचा निवृत्त व्यावसायिक सायकलपटू. टूर द फ्रान्स या फ्रान्समधल्या तीन आठवडे, टप्प्याटप्प्याने चालणाऱ्या शर्यतीत त्याने १४ टप्पे जिंकले. आधीच्या पिढीतला सायकलपटू एरिक त्साबेलचा १२ टप्प्यांचा जर्मन विक्रम त्याने २०१७ मध्ये मोडला.

स्प्रिंटकडे, म्हणजे अंतिम रेषेजवळ पूर्ण जोराने झेप घेण्याच्या प्रकाराकडे, तो वळला तसा उशिराच. आधी त्याचे नाव होते ते टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे घड्याळाविरुद्ध एकट्याने धावण्याच्या शर्यतीत. २००५ आणि २००६ मध्ये तो या प्रकारातला ज्युनियर जगज्जेता होता. २०११ मध्ये स्किल-शिमानो या डच संघातून तो व्यावसायिक झाला आणि पहिल्याच मोसमात त्याने १७ विजय मिळवले. उंची १.८८ मीटर, वजन ८० किलोंच्या वर. सपाटीवर सहकारी रांग धरून वारा अंगावर घेत, वेग वाढवत नेत आणि शेवटच्या दोन-तीनशे मीटरला बाजूला होत. तिथून पुढे हे थोराड शरीर आवरणे कुणाला जमत नसे. घाटात मात्र तेच वजन भारी पडे. डोंगरातल्या टप्प्यांवर ठरलेल्या वेळेच्या आत पोहोचणे हीच त्याची शर्यत असे.

२०१२ ची पहिली टूर पोटाच्या आजाराने अर्धवट सुटली. २०१३ मध्ये कॉर्सिकातील बास्तियाला पहिला टप्पा संपायच्या सुमारास एका संघाची बस अंतिम रेषेवरच्या कमानीखाली अडकली. आयोजकांनी रेषा आधी अलीकडे आणली, मग पुन्हा मूळ जागी नेली. त्यातच मोठा अपघात झाला. या गोंधळातून किटेल पहिला आला आणि एकूण वेळेत आघाडीवर असणाऱ्याची पिवळी जर्सी ल्याला. त्या वर्षीचा त्याचा चौथा विजय अधिक मोलाचा : टूरचा अखेरचा टप्पा जिथे संपतो त्या पॅरिसच्या शाँझेलिझे रस्त्यावर सलग चार वर्षे अजिंक्य असलेल्या मार्क कॅव्हेंडिशला त्याने हरवले. २०१४ मध्येही चार टप्पे, पहिला आणि अखेरचा धरून. २०१६ मध्ये एक, २०१७ मध्ये पाच. त्यांपैकी न्वी-साँ-जॉर्जचा टप्पा एडवाल्ड बोआसन हागेनवर अवघ्या ६ मिलिमीटरने जिंकला. गुणांत आघाडीवर असणाऱ्याची हिरवी जर्सी अंगावर असताना पडून त्याला १७ व्या टप्प्यावर माघार घ्यावी लागली. बेल्जियमची स्केल्डेप्रैस ही एकदिवसीय शर्यतही त्याने पाच वेळा जिंकली.

त्याच्या लोकप्रियतेकडे जर्मनीतल्या परिस्थितीच्या संदर्भातच पाहावे लागते. टूर जिंकलेल्या यान उलरिखची हकालपट्टी, त्साबेलची कबुली अशा डोपिंग प्रकरणांनी तिथला प्रेक्षक या खेळाला विटला होता. एआरडी या सार्वजनिक वाहिनीने २०११ नंतर टूरचे थेट प्रक्षेपण बंद केले. किटेल, आंद्रे ग्राइपेल, जॉन डेगेनकोल्ब आणि टोनी मार्टिन यांच्या पिढीने जिंकता जिंकता तो विश्वास थोडाफार परत मिळवला. डोपिंगविरुद्ध किटेल उघडपणे बोले, आणि ते अनेक विजयांइतकेच उपयोगी पडले. चापून बसवलेल्या सोनेरी केसांचेही कौतुक कमी नव्हते. पुढे शाम्पू बनवणारी आल्पेसिन कंपनीच संघाची प्रायोजक झाली. २०१५ मध्ये एआरडी टूरकडे परतली, पण आजारपणामुळे लय हरवलेल्या किटेलला संघाने नेमके त्याच वर्षी वगळले होते.

पुढची दोन वर्षे बेल्जियन संघात फलदायी गेली. २०१८ पासून कातुशा-आल्पेसिन संघात मात्र सूर लागला नाही. मे २०१९ मध्ये करार संपवून त्याने ऑगस्टमध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, निवृत्ती जाहीर केली. आपले मूल व्हिडिओ कॉलवर मोठे होताना बघायचे नाही, असे कारण त्याने दिले.