डोस वाढवला तरी भुरी का हटत नाही?

द्राक्षबागेत भुरी, म्हणजे पानांवर-मण्यांवर पांढरी भुकटी आणणारी बुरशी, आटोक्यात येईना की पुढच्या फवारणीला डोस दीडपट करायचा, हा नेहमीचा उपाय. काही औषधांना तो थोडाफार लागू पडतो, काहींना अजिबात नाही. औषध बुरशीच्या कोणत्या प्रथिनावर बसतं आणि त्या प्रथिनात नेमका काय बदल झालाय, यावर हे ठरतं.

भुरी मूळची उत्तर अमेरिकेतली. 1845 साली इंग्लंडमधल्या मार्गेट इथे टकर नावाच्या माळ्याला ती वेलींवर दिसली. 1847 मध्ये बुरशीतज्ज्ञ बर्कलीने तिला ऑइडियम टकेरी हे नाव दिलं. आज आपण तिला एरिसिफे नेकॅटर म्हणतो. गंधक तेव्हापासून वापरात आहे आणि अजूनही चालतं. ते पेशीत एकाच वेळी अनेक ठिकाणी मारा करतं, म्हणून एखाद्या जनुकातल्या बदलाने बुरशी सुटत नाही. त्याची अडचण वेगळीच: पारा 35 अंशांच्या वर गेला की पानं आणि मणी करपतात.

1960 च्या दशकाच्या अखेरीस बेनोमिल, कार्बेन्डाझिम अशी आंतरप्रवाही (झाडाच्या आत शिरणारी) औषधं आली. ती फक्त बीटा-ट्युब्युलिन या एका प्रथिनाला धरतात. 1969 मध्येच अमेरिकेत काकडीवर्गीय पिकांवरच्या भुरीने बेनोमिलला दाद दिली नाही. पुढे कारण सापडलं. बऱ्याच बुरश्यांत या प्रथिनाच्या साखळीत 198 व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी ॲलॅनिन आलेलं असतं आणि औषधाला बसायला जागाच उरत नाही.

ट्रायअझोल या गटातल्या औषधांची तऱ्हा निराळी. मायक्लोब्युटॅनिल, पेन्कोनॅझोल, हेक्साकोनॅझोल ही औषधं पेशीपटलाला लागणारं एर्गोस्टेरॉल बनवणाऱ्या सीवायपी51 या विकराला (एन्झाइमला) अडवतात. 1997 मध्ये द्राक्षाच्या भुरीत या जनुकातला एक बदल वर्णिला गेला: डीएनएच्या टीएटी या तीन अक्षरांचं टीटीटी झालं, म्हणजे प्रथिनात 136 व्या जागी टायरोसिनऐवजी फिनाइलॲलॅनिन. यात औषधाची पकड सैल होते, सुटत नाही. शिवाय बुरशीच्या काही वाणांत याच जनुकाच्या प्रती वाढलेल्या सापडल्या, म्हणजे अडवायला विकरच जास्त. प्रतिकार असा पायरीपायरीने चढतो, म्हणून दीडपट डोसने काही दिवस फरक दिसतो. पण त्या डोसातून वाचणारी बुरशी पुढच्या पायरीवरची असते, आणि निर्यातीच्या मालात अवशेष वाढतात ते वेगळंच.

स्ट्रोबिल्युरिन हा औषधांचा आणखी एक गट. ही औषधं 1996 मध्ये बाजारात आली आणि 1998 मध्ये उत्तर जर्मनीत गव्हाच्या भुरीवर निकामी ठरली. सायटोक्रोम-बी जनुकात जीजीटीचं जीसीटी, 143 व्या जागी ग्लायसिनऐवजी ॲलॅनिन, बस. द्राक्षाच्या भुरीतही हाच बदल आढळतो. हे वाण बागेत माजले की दुप्पट डोसही वाया. तांबेऱ्यात मात्र हा बदल टिकत नाही: 143 व्या जागेनंतर लगेच इंट्रॉन, म्हणजे प्रथिन बनण्याआधी छाटला जाणारा जनुकाचा तुकडा, आहे, अक्षर बदललं की तो छाटला जात नाही आणि बुरशीच मरते.

अझॉक्सीस्ट्रोबिन, ट्रायफ्लॉक्सीस्ट्रोबिन, पायराक्लोस्ट्रोबिन, फेमोक्साडोन ही चार नावं आळीपाळीने मारणारे आलटून-पालटून फवारणी केल्याचं समाधान मानतात. एफआरएसी ही संस्था बुरशीनाशकांना ती कशी मारा करतात त्यानुसार गट क्रमांक देते. चारही क्रमांक 11 ची, म्हणजे औषध एकच मारलं. बाटलीवरच्या ब्रँडपेक्षा हा क्रमांक बघावा. 11 आणि 3 (ट्रायअझोल) च्या तयार मिश्रणातही जपून: बागेतली भुरी 11 ला आधीच सरावली असेल, तर एकटा ट्रायअझोलच सगळा भार ओढतो.

द्राक्षावरचा दुसरा रोग डाऊनी (केवडा). ती खरं तर बुरशी नव्हेच, ऊमायसीट, म्हणजे बुरशीसारखा दिसणारा वेगळाच जीव. फ्रान्समध्ये ती 1878 मध्ये पोहोचली, 1885 मध्ये मिलार्देने बोर्डो मिश्रण पुढे आणलं. एक टक्क्याला मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 100 लिटर. तांबंही अनेक ठिकाणी मारा करणारं, म्हणून टिकलं. ऊमायसीटांवरचं मेटालॅक्सिल हे औषध 1977 चं. बटाट्याच्या करप्यावर ते 1980 मध्ये आयर्लंड आणि नेदरलँड्समध्ये फसलं. आयर्लंडमध्ये ते एकटं विकलं गेलं होतं. ब्रिटनमध्ये मॅन्कोझेबसोबत, तिथे जास्त टिकलं.

भुरीच्या पेशीत गुणसूत्रांचा एकच संच, म्हणून बदल झाला की लगेच दिसतो. डाऊनीत संच दोन, म्हणजे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती. डायमेथोमॉर्फ, मॅन्डिप्रोपामिड या गट 40 ला दाद न देणारा बदल सेल्युलोज बनवणाऱ्या सीईएसए3 जनुकात 1105 व्या जागी होतो, आणि तो अप्रभावी (रिसेसिव्ह) असतो. एकाच प्रतीत असला तर औषध लागू पडतं. असा वाण बागेत लपून राहतो. दोन वाहकांचा संकर होऊन दोन्ही प्रती बदललेल्या जमल्या की मगच औषध चुकल्याचं लक्षात येतं.

प्रतिकारक जाती मोडतात त्यामागेही बहुधा हाच हिशोब. अमेरिकेत नॉर्थ डकोटात फ्लोर यांनी 1940 च्या दशकात जवसाच्या तांबेऱ्यावर दाखवलं की पिकातल्या प्रत्येक प्रतिकारक जनुकाला रोगाणूत एक जोडीदार जनुक असतं. पीक त्याच्यावरून रोगाणूला ओळखतं. तो जोडीदार बिघडला किंवा गळाला की ओळख पटत नाही आणि लागण होते. हा गुणही बहुधा अप्रभावी. गव्हाच्या काळ्या तांबेऱ्याने एसआर31 हे जनुक असंच ओलांडलं. 1998 मध्ये युगांडात गोळा केलेला तो वाण म्हणजे यूजी99. आपली थॉमसन सीडलेस द्राक्षाच्या व्हिनिफेरा या प्रजातीतली, तिच्यात डाऊनीविरुद्ध असं मोठं जनुकच नाही. ज्या बियांका या द्राक्षजातीत आरपीव्ही3 हे डाऊनी-प्रतिकारक जनुक आहे, तिच्यावरही ते ओलांडणारे डाऊनीचे वाण 2010 मध्ये नोंदले गेले.