खेळाच्या जागांसाठी शालेय डिझाइन थिंकिंग

साधारण पाचवी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या भागातील मैदान, बाग किंवा गल्ली पाहायची, तिथे येणाऱ्यांशी बोलायचे, सुधारणेचा नमुना करायचा आणि तो स्थानिक प्रशासनापुढे मांडायचा, अशी ‘डिझाइन थिंकिंग’ची, म्हणजे वापरणाऱ्यांना समजून घेऊन उपाय घडवण्याची, ही शिकण्याची पद्धत आहे.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘डी.स्कूल’ या डिझाइन संस्थेने रूढ केलेल्या मांडणीत तिचे पाच टप्पे आहेत: माणसे समजून घेणे, प्रश्न नेमका करणे, कल्पना काढणे, नमुना करणे आणि तो वापरून पाहणे. किरण बीर सेठी यांनी अहमदाबादच्या रिव्हरसाइड स्कूलमधून २००९ मध्ये सुरू केलेल्या ‘डिझाइन फॉर चेंज’ या उपक्रमाने हेच काम मुलांना पेलेल अशा चार शब्दांत बसवले: जाणा, कल्पना करा, करा, सांगा. त्याआधी त्यांच्याच पुढाकाराने अहमदाबादेत वर्दळीचे रस्ते काही काळ वाहनांना बंद करून मुलांना खेळायला मोकळे केले जाऊ लागले होते.

पहिला टप्पा सर्वांत मोलाचा, आणि घाईत गाळला जातो तोही हाच. बारा वर्षांच्या मुलीला घसरगुंडी लहान पडते आणि मैदानावर मोठ्या मुलांचे क्रिकेट चालू असते. ती कठड्याशी उभी राहते, मग यायचीच थांबते. संध्याकाळी वही घेऊन बसले, कोण कुठे थांबते याच्या रेघा मारल्या, की हे आपोआप दिसते. व्हिएन्नामध्ये १९९६-९७ च्या पाहणीत नऊ वर्षांनंतर मुली बागांतून दिसेनाशा होतात असे आढळले. त्यानंतर १९९९ मध्ये तिथल्या दोन बागा नव्याने रचल्या: एकच मोठे मैदान न ठेवता जागेचे भाग पाडले, पायवाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली. मुली परत आल्या. ते काम शहर नियोजनाचे होते, शाळेचे नव्हे. पण नुसत्या पाहण्यातून काय हाती लागते ते त्यातून कळते.

नमुन्याला पुठ्ठा, काड्या, सुतळी पुरते. त्याहून चांगला नमुना म्हणजे जमिनीवर खडूने खऱ्या मापात आखणे. बॅडमिंटनचे कोर्ट १३.४ मीटर लांब आणि ६.१ मीटर रुंद असते. कागदावर ते सहज मावते, आखल्यावर मात्र रेघ थेट आजी-आजोबांच्या बाकाखालून जाते. तिथून खरी चर्चा सुरू होते. संयुक्त राष्ट्रांची शहरांसाठीची संस्था यूएन-हॅबिटॅट आणि संगणक-खेळ बनवणारी कंपनी मोजांग यांच्या २०१२ पासूनच्या ‘ब्लॉक बाय ब्लॉक’ उपक्रमात हा नमुना मोजांगच्याच माइनक्राफ्ट या ठोकळे रचण्याच्या संगणक-खेळात बांधतात. त्यातील एक ठोकळा एक घनमीटरचा असल्याने नकाशा वाचता न येणाऱ्यालाही जागेचा अंदाज येतो. केनियातील नैरोबीच्या किबेरा या झोपडवस्तीपासून सुरू झालेली ही रीत मुंबईच्या गौतमनगरातही वापरली गेली.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील कलम ३१ खेळाचा, तर कलम १२ आपले मत ऐकले जाण्याचा हक्क देते. भारताने हा करार १९९२ मध्ये स्वीकारला. त्याच वर्षी मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत: मुलांना वापरून घेणे, शोभेपुरते उभे करणे आणि नावापुरते विचारणे. बागेचे कंत्राट आधीच दिलेले असताना मुलांकडून चित्रे काढून घेणे याच पायऱ्यांवर मोडते. म्हणून मुलांची कोणती सूचना घेतली, कोणती नाही आणि का, याचे लेखी उत्तर त्यांना वर्ष संपण्याआधी मिळायला हवे. पुढच्या जूनमध्ये आठवीचा तो वर्ग नववीत गेलेला असतो.