खुब्यात बॉल आहे की रॉड? सल्ला द्यायच्या आधी एवढं विचारा

‘आजींच्या खुब्याचं ऑपरेशन झालं’ एवढं कळलं की चाळीतला प्रत्येकजण तज्ज्ञ होतो. शेजारच्या काकू बजावतात, पाय जमिनीला टेकवूच देऊ नका. आत्या फोनवर सुनावते, माझ्या नणंदेला दुसऱ्या दिवशी चालवलं होतं, तुम्हीच लाड करताय. ब्युरोकडून आलेली मावशी आधीच्या पेशंटला जसं सांभाळलं तसंच यांनाही सांभाळते. तिघीही खोटं बोलत नाहीत. तिघींनी पाहिलेली ऑपरेशनं वेगळी होती, एवढंच.

उतारवयात पडल्यावर खुबा बहुधा दोनपैकी एका जागी मोडतो. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोल डोकं असतं आणि त्याखाली अरुंद मान. मान मोडून तुकडे सरकले, तर डोक्याला रक्त पोचवणाऱ्या बारीक वाहिन्या फाटतात. मग ते हाड जुळेल याचा भरवसा राहत नाही, म्हणून वयस्कर माणसात हाडाचं ते डोकं काढून धातूचा बॉल बसवतात. मानेच्या जरा खाली, जिथे मोठे स्नायू हाडाला चिकटतात, तिथे मात्र रक्तपुरवठा भरपूर असतो. तिथलं हाड जुळतं, पण तोवर ते धरून ठेवावं लागतं. त्यासाठी आत रॉड आणि स्क्रू घालतात. बाहेरून दोन्ही पेशंट सारखेच दिसतात: तेच वय, तेच बाथरूममध्ये घसरणं, मांडीच्या कडेला टाके, हातात वॉकर.

डिस्चार्ज कार्ड केईएमचं असो की कोपऱ्यावरच्या नर्सिंग होमचं, त्यावर उत्तर लिहिलेलं असतं. बायपोलर, हेमी, टीएचआर किंवा एएमपी (हा ऑस्टिन मूर, जुन्या धाटणीचा एकसंध बॉल) असं काही असेल तर बॉल. पीएफएन असेल तर रॉड. डीएचएस असेल तर पट्टी आणि मोठा स्क्रू, पण घरच्या काळजीपुरती त्याची गणना रॉडमध्येच करा.

दोघांना सारखं लागतं ते तुम्हाला ठाऊक असेलच. दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा गादीवर घासू द्यायच्या नाहीत, पावलं वरखाली हलवायला लावायची, रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं किंवा गोळ्या चुकवायच्या नाहीत, पाणी पाजायचं, पोट साफ होतंय का बघायचं, श्वास आत ओढून प्लास्टिकचे गोळे वर उचलायचं फुफ्फुसांच्या व्यायामाचं यंत्र शोकेसमध्ये न ठेवता वापरायचं. टाके साधारण बारा ते चौदा दिवसांनी निघतात. यात फारसं कुणी चुकत नाही.

चूक होते ती जपायचं काय, यात. बॉलवाल्या पेशंटचं बसणं-वळणं जपायचं असतं आणि रॉडवाल्याचा पायावर येणारा भार. घरोघरी नेमकं उलटं चालतं.

आधी बॉल घ्या. इथे हाड जुळण्याची वाट पाहायची नसते. सिमेंट वापरलं असेल तर ते ऑपरेशन टेबलावरच घट्ट झालेलं असतं. म्हणून बहुतेकांना दुसऱ्या दिवशी वॉकर धरून पूर्ण भार देऊन उभं करतात, आणि ते योग्यच आहे. धोका असतो तो बॉल कमरेच्या हाडातल्या वाटीतून निसटण्याचा, आणि तो चालताना नाही, बसता-उठताना निसटतो. मागच्या बाजूने ऑपरेशन केलं असेल तर तिथलं सांध्याचं आवरण आणि छोटे स्नायू कापून परत शिवलेले असतात. ते भरून येईपर्यंत, म्हणजे सर्जन सांगतील त्याप्रमाणे दीड ते तीन महिने, तीन गोष्टी टाळायच्या: मांडी पोटाकडे काटकोनापेक्षा जास्त वाकवणं, पाय पायावर टाकणं किंवा पलीकडे नेणं, आणि गुडघा-पाऊल आतल्या बाजूला वळवणं.

कागदावर हे सोपं वाटतं. मुंबईतल्या दहा बाय बाराच्या खोलीत ते जागोजागी आडवं येतं. खाली धसणारा सोफा-कम-बेड, जमिनीवरची गादी, पाट, भारतीय संडास, रिक्षाची बुटकी सीट, सगळीकडे काटकोन मोडतो. पायथ्याशी गेलेलं पांघरूण पलंगावर बसल्या बसल्या वाकून ओढणं, पडलेली चप्पल उचलणं, ऑपरेशनचा पाय जमिनीवर रोवून त्याच बाजूला गर्रकन वळणं, यातही बॉल निसटू शकतो. बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा खाली राहिले पाहिजेत, तेवढी उंच आणि हातांची खुर्ची हवी. झोपताना आणि कूस बदलताना दोन पायांमध्ये जाड उशी हवी.

गॅलरीच्या टोकाला सार्वजनिक संडास असेल तर कमोडची खुर्ची खोलीत येणारच. ‘समोर देवघर आहे’ हे कारण मी फार ऐकलं आहे आणि मला ते अजिबात पटत नाही. पडदा लावा, देव समजून घेईल, निखळलेला खुबा समजून घेणार नाही. खुर्च्या भाड्यानेही मिळतात.

पुढच्या बाजूने ऑपरेशन झालं असेल तर नियम वेगळे. तिथे पाय मागे नेऊन बाहेर वळवणं टाळायला सांगतात. म्हणून ‘कुठल्या बाजूने केलं?’ हा प्रश्न आगाऊपणाचा नाही.

आता रॉड. इथे सांधा मूळचाच आहे, त्याचं आवरणही शाबूत आहे. खुर्ची बुटकी झाली तर दुखेल, उठताना त्रास होईल, पण खुबा निखळणार नाही. पायांमधली उशी बरं वाटावं म्हणून. ‘वाकू नका, कुशीवर होऊ नका’ म्हणून या पेशंटला लाकडासारखं ताठ झोपवून ठेवणाऱ्या घरांचा मला खरोखर राग येतो. पूर्वी पायाला वजनं लटकवून आठवडेच्या आठवडे झोपवत, तेव्हाचा हा नियम आहे. ते झोपणं टळावं म्हणून तर ऑपरेशन केलं! पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया, शय्याव्रण आणि पायात रक्ताची गुठळी यांची भीती जास्त. पाय टेकवायला मनाई असली तरी उठून खुर्चीत बसवायचंच.

भाराचं तेवढं सांभाळायचं. हाड जुळेपर्यंत, म्हणजे साधारण तीन महिने, शरीराचं ओझं रॉड आणि स्क्रू वाहतात. हाड ठिसूळ असेल किंवा फार तुकडे झाले असतील तर स्क्रू हाडाच्या डोक्यातून वर सरकू शकतो. किती भार द्यायचा हे मोडण्याची तऱ्हा आणि हाडाची पकड पाहिलेला सर्जनच ठरवतो. बऱ्याच आजी-आजोबांना पहिल्या दिवसापासून दुखणं सोसेल तेवढा भार द्यायला परवानगी असते, काहींना फक्त पाऊल टेकवायला. पाऊल टेकवणं म्हणजे खाली पापड ठेवलाय आणि तो मोडायचा नाही, असं सांगितलं की लगेच कळतं. कार्डावर एफडब्ल्यूबी म्हणजे पूर्ण भार, पीडब्ल्यूबी म्हणजे अर्धवट, एनडब्ल्यूबी म्हणजे अजिबात नाही.

तरुण माणसाच्या मांडीच्या हाडाची मान मोडली आणि हाडाचं मूळचं डोकं वाचवायला नुसते स्क्रू घातले, तर भाराची बंधनं सहसा सर्वांत कडक असतात. त्याला कुणाच्या आजीचं उदाहरण देऊ नका.

बिघडण्याची लक्षणंही वेगळी. बॉल निसटला तर एकदम असह्य कळ, उभं राहता येत नाही, पाय आखूड आणि बहुधा आत वळलेला. तेव्हा पाय ओढायचा नाही, मालिशवाल्याला बोलवायचं नाही, 108 ला फोन करायचा. रॉडचं बिनसतं ते बहुधा हळूहळू: जांघेतलं किंवा मांडीतलं दुखणं आठवड्यागणिक कमी व्हायच्या ऐवजी चालताना वाढतं, पाय आखूड होऊन बाहेर वळतो. तेव्हा पुढच्या तारखेची वाट न पाहता एक्स-रे काढा. पोटरी सुजणं, धाप लागणं, ताप, जखमेतून पाणी येणं, यांना दोन्हीकडे तीच घाई.

गुडघा बदललेल्यांचा इथे संबंध नाही, पण त्यांनाही खुब्याची उशी मिळते म्हणून सांगते: गुडघ्याखाली उशी ठेवू नका, बरं वाटलं तरी. गुडघा वाकलेलाच आखडतो. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा.

घरी निघायच्या आधी सर्जनकडून दोन ओळी मराठीत लिहून घ्या, भार किती आणि बसण्या-वाकण्याची बंधनं कोणती व कधीपर्यंत, आणि त्या पलंगाच्या डोक्याशी चिकटवा. रात्रपाळीची मावशी बदलली की तिला वाचून दाखवा आणि मोबाइलमधला एक्स-रेचा फोटोही दाखवा. बॉल आणि रॉड त्यात कुणालाही ओळखू येतात.