मुरलेल्या पाण्याचा हिशेब

उन्हाळा तापला की मराठवाड्यातून एक बातमी हमखास येते: हजार फूट बोअर घेतला, पण धुरळ्याशिवाय काहीच निघाले नाही. जितके खोल जावे तितके पाणी जास्त, हा समज या खर्चामागे असतो. शाळेतल्या जलचक्राच्या आकृतीत समुद्र, ढग, पाऊस आणि नदी ठळकपणे दाखवलेले असतात आणि जमिनीत मुरणाऱ्या पाण्यासाठी खाली जाणारा एक बारीकसा बाण काढलेला असतो. त्या बाणाच्या टोकाशी काय घडते, हे सहसा कोणी सांगत नाही.

महाराष्ट्राच्या सुमारे ८० टक्के भूभागाखाली बेसॉल्ट आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे प्रवाह एकावर एक थिजून तो तयार झाला. विहीर खणताना आधी काळी माती लागते, मग मुरूम, मग भेगाळलेला खडक आणि शेवटी सुरुंगालाही दाद न देणारा काळा पाषाण. पाणी साठते ते मुख्यतः मुरमात, भेगांत आणि दोन प्रवाहांच्या सांध्यात. खाली जावे तसतशा वरच्या खडकाच्या भाराने भेगा मिटत जातात आणि विरळ होतात. त्यामुळे हजार फुटांवर पाणी लागणे हा बराचसा नशिबाचा भाग ठरतो.

आता थोडे गणित करू. वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात त्यातला दहावा हिस्सा, म्हणजे ६० मिलिमीटर, भूजलापर्यंत पोहोचतो असे धरू. उरलेला पाऊस वाहून जातो, उडून जातो किंवा पिके आणि झाडे पितात. खडकात किती पोकळी आहे यापेक्षा, भिजलेल्या खडकातून आपल्या वजनाने किती पाणी निथळते, हे येथे महत्त्वाचे असते. काळ्या मातीत पोकळी भरपूर असते, पण तिच्या अतिसूक्ष्म छिद्रांत पाणी केशाकर्षणाने इतके घट्ट धरलेले असते की ते सुटतच नाही. झिजून भुसभुशीत झालेल्या बेसॉल्टमधून निथळणारे पाणी त्याच्या आकारमानाच्या जेमतेम दोन टक्के असते. ६० मिलिमीटर पाणी दोन टक्के जागेत मावायचे, तर ३,००० मिलिमीटर उंचीचा खडक भरावा लागतो. म्हणूनच विहिरीची पातळी एका पावसाळ्यात तीन मीटरने वर येते आणि पाणी भरपूर असल्याचा भास होतो. दहा टक्के पाणी सोडणाऱ्या वाळूच्या थरात तेवढ्याच पाण्याने पातळी फक्त ६० सेंटिमीटर चढली असती. जी विहीर झपाट्याने भरते, ती उपशानेही तितक्याच झपाट्याने तळ गाठते.

पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहतो आणि सांगितलेल्या जागी पाणी लागतेही, पण या यशाचे कोडे अवघड नाही. पावसाळ्यानंतर मुरमाच्या थरात बहुतेक ठिकाणी थोडेफार पाणी असतेच. नारळ उभा न करताही ते लागले असते. पायाळू माणसाला जमिनीखालचे पाणी दिसते, या समजुतीला तर काहीच आधार नाही. वराहमिहिराने सहाव्या शतकात झाडे आणि वारुळे यांवरून पाण्याचा अंदाज बांधण्याची लक्षणे नोंदवली होती. ती सगळी बरोबर नसली, तरी पडताळून पाहता येण्याजोगी होती.

भूजल एका जागी थांबूनही राहत नाही. ते उताराने सरकत ओढ्यानाल्यांकडे जाते. डिसेंबरात पावसाचा थेंब नसताना ओढा वाहतो, तो याच पाण्यावर. काठच्या विहिरींचा उपसा वाढला की ओढा आधी आटतो.

एका हेक्टरवर मुरलेले ६० मिलिमीटर पाणी म्हणजे सहा लाख लिटर. तेवढ्याच क्षेत्रातील ऊस वर्षभरात सुमारे दोन कोटी लिटर पाणी मागतो. त्यातला पावसाचा वाटा वजा केला, तरी उरलेली गरज त्या हेक्टराखालच्या खडकातून भागत नाही. पाणी शेजारच्या जमिनीखालून ओढले जाते किंवा कालव्याने आणावे लागते. खोल बोअरने हा ताळेबंद बदलत नाही. त्यात केसिंग पाइप, म्हणजे भोकाच्या कडा ढासळू नयेत म्हणून आत बसवलेली नळी, बहुधा वरच्या मुरमापुरताच घातलेला असतो. त्याखालच्या भेगांतले पाणी उघड्या भोकातून खाली उतरते आणि शेजारची उथळ विहीर कोरडी पडते. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमात ६० मीटरपेक्षा जास्त खोलीच्या विहिरींचा वेगळा विचार केलेला आहे. बोअर घेण्याआधी तो वाचणारे थोडेच आढळतात.