लेकरांकडे लक्ष, हातात सुया

लेकरू रांगायला लागलं की सांभाळणाऱ्याला सलग पाच मिनिटंही मिळत नाहीत. मराठवाड्यात हे काम बहुतेक आजीच्या वाट्याला येतं. आई शेतात नाहीतर नोकरीवर, आणि लेकरू ओसरीवर आजीजवळ. अशा वेळी हातात घ्यायच्या कामाला मी एकच कसोटी लावते. ते कुठल्याही क्षणी खाली ठेवता यावं, आणि परत उचललं की जिथल्या तिथून पुढे सुरू व्हावं. दोन सुयांवरचं छोटं विणकाम या कसोटीला फार चांगलं उतरतं. त्याची कारणं थोडी धाग्याच्या रचनेत आहेत, थोडी आपल्या मेंदूत.

पैठणचा माग आठवून पाहा. उभा ताणा सतत ओढून धरलेला असतो आणि त्यातून आडवा बाणा जातो. तो ताण सैल पडला तर कापड बिघडतं, म्हणून माग जागचा हलत नाही. सुयांवरच्या विणकामात धागा एकच. त्याचा एक फास खालच्या फासातून ओढून काढायचा, मग पुढचा, मग त्यापुढचा. खालचे सगळे फास वरच्यांनी अडकवून ठेवलेले असतात. सुटण्याची भीती फक्त सर्वांत वरच्या ओळीला, आणि ती ओळ तर सुईवरच असते. म्हणून अर्धवट टोपडं पिशवीत टाकून परळीहून अंबाजोगाईला एसटीने जाता येतं. मागाचं तसं नाही.

ओळीच्या मध्येच उठावं लागलं तर? परत आल्यावर बघायचं, गुंड्याकडचा धागा कोणत्या सुईवरच्या टाक्यातून, म्हणजे फासातून, निघतो. तो नेहमी शेवटी विणलेल्या टाक्यातून निघतो. ती सुई उजव्या हातात घ्या, दुसरी डाव्या हातात, आणि पुढे चला. काही लक्षात ठेवावं लागत नाही, काम स्वतःच सगळं सांगतं. ओळ संपवूनच उठायची सवय असेल तर उत्तमच. वीस टाक्यांची ओळ मिनिट-दोन मिनिटांत संपते. लहान वस्तू निवडायचं खरं कारण हेच आहे, शालीच्या दोनशे टाक्यांची ओळ लेकरू संपू देत नाही.

आता मेंदूचं. विणायला शिकताना प्रत्येक टाक्याकडे बघावं लागतं. पुरेसा सराव झाला की हालचालींचा क्रम वेगळ्या प्रकारच्या स्मृतीत जातो, सायकल चालवणं जिथे साठतं तिथे. मेंदूच्या खोल भागातले गाठीसारखे पेशीसमूह आणि डोक्याच्या मागच्या बाजूचा लहान मेंदू ते काम सांभाळतात. बोटांना टाका स्पर्शाने कळतो आणि डोळे-कान लेकराकडे मोकळे राहतात. मोबाइल हातात असला की नेमके डोळेच अडकतात.

पण एक गोष्ट हे सगळं बिघडवते, ती म्हणजे मोजणं. १९९९ साली डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर चॅब्रिस या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक चित्रफीत दाखवली. खेळाडू एकमेकांना चेंडू देत होते आणि बघणाऱ्यांनी ते पास मोजायचे होते. मधेच गोरिलाचा वेश घातलेलं माणूस आलं, छाती बडवून निघून गेलं. मोजण्यात गुंतलेल्या जवळजवळ निम्म्या लोकांना ते दिसलंच नाही. नऊ सुलट, दोन एकत्र, एक धागा पुढे, असा जाळीचा नमुना मोजत असताना लेकरू पाण्याच्या हौदाकडे गेलं तर आपणही त्या निम्म्यांतले ठरू शकतो. म्हणून माझं ठाम मत आहे की लेकरू जवळ असताना मोजावा लागणारा नमुना हातात घेऊच नये. जाळ्या, वेण्या, रंगीत फुलं हे सगळं लेकरू झोपल्यावर.

न मोजता करता येणारं विणकाम म्हणजे प्रत्येक ओळ सुलट. सुलट टाक्यात फास मागून पुढे ओढायचा, उलट टाक्यात पुढून मागे. त्याचा एक मोठा गुण म्हणजे कापड सपाट राहतं. एक ओळ सुलट आणि एक उलट विणलं, तर समोरून सगळे फास एकाच बाजूला वळलेले दिसतात. वाकवलेल्या धाग्याची सरळ व्हायची ओढ सगळीकडून एकाच दिशेला लागते, आणि कडा गुंडाळतात. सगळ्या ओळी सुलट विणल्या की ही ओढ एका ओळीत पुढे, दुसऱ्या ओळीत मागे अशी पडते आणि एकमेकींना मारते. शिवाय अशा कापडावर आडव्या उंच धारी उमटतात. दोन ओळींची एक धार. वीस टाके घातले आणि वीस धारी दिसल्या, की तुकडा जवळपास चौरस होतो. धारी नंतर कधीही मोजता येतात, विणताना मोजायची गरज नाही. असे चौरस साठवले की जोडून दुपटं होतं. बाळंतविड्यासाठी याहून सोपं काम मला माहीत नाही.

टोपड्याची कड मात्र एक सुलट, एक उलट अशी विणावी. सुलट टाक्यांचे उभे पट्टे पुढे येतात, उलट टाक्यांचे मागे जातात, आणि कापड पेटीच्या भात्यासारखं मिटतं. डोक्यावर घातलं की उघडतं, काढलं की परत मिटतं. गंमत अशी की धागा स्वतः फारसा ताणला जात नाही, फासांचे आकार बदलतात. कोणता टाका कापडाला किती लवचीक करतो, याचं गणित अमेरिकेत जॉर्जिया टेक या विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ एलिझाबेटा मात्सुमोतो आणि त्यांचे सहकारी मांडत आहेत. त्यांचा या विषयावरचा एक शोधनिबंध २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

लेकरू सुई ओढून घेणाऱ्यातलं असेल तर क्रोशे घ्यावा. त्यात मोकळा फास एका वेळी एकच असतो. सुई निघाली तरी त्या फासात सेफ्टी पिन अडकवली की काम सुरक्षित. दोन सुयांवरचा टाका सुईवरून सुटला तर त्याच्या खालचे फासही एकेक उसवत खालपर्यंत शिडी पडत जाते. गुळगुळीत धाग्यावर ती भराभर उतरते, खरखरीत धाग्यावर घर्षणामुळे अडते. काही असो, सुया आणि गुंडा लेकराच्या हाताला लागेल असा ठेवू नये. सुईचं टोक डोळ्याला लागू शकतं आणि लांब धागा गळ्याभोवती बसू शकतो.

थंडीत टोपड्याचं खरंच काम असतं. परभणीत हिवाळ्यात पारा कधी कधी ५ अंशांच्या खाली जातो. नवजात बाळाच्या शरीराच्या पृष्ठभागाचा जवळपास पाचवा भाग डोक्याचा असतो, आणि मोठ्यांसारखं कुडकुडून ऊब तयार करणं त्याला जमत नाही. बाजारात लोकर म्हणून मिळणारा धागा पुष्कळदा अॅक्रिलिकचा असतो. तो घाम शोषत नाही आणि आगीजवळ वितळतो. लेकरापासून दूर, ताटलीत धाग्याचं टोक जाळून बघा. खऱ्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि चुरडणारी राख राहते, अॅक्रिलिकची कडक गोळी होते. बाळ घरात झोपलं की टोपडं काढावं, कारण जास्तीची उष्णता ते डोक्यातूनच बाहेर टाकतं.

पायमोजे विणणाऱ्यांना मात्र माझी कळकळीची विनंती आहे. मोजा पूर्ण झाला की आतली बाजू बाहेर करून बघा. रंग बदलताना मागे लोंबते धागे राहतात. त्यातला एक बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला तर रक्तपुरवठा बंद होऊ शकतो, आणि बाळ नुसतं रडत राहतं, का ते आपल्याला कळत नाही. धाग्यांची टोकं आत ओवून टाका, पायमोज्यात दुरंगी नक्षी करू नका, आणि बाळ विनाकारण रडत असेल तर आधी मोजे काढून दहाही बोटं बघा.