आमवाताचं इंजेक्शन आणि छातीतला झोपलेला क्षय

बोटांचे सांधे सुजले म्हणून दवाखान्यात गेलेल्या माणसाला आमवाताचं इंजेक्शन देण्याआधी छातीचा एक्स-रे आणि मॉन्टू चाचणी करायला सांगितली की तो बुचकळ्यात पडतो. खोकला नाही, ताप नाही, मग टीबीची तपासणी कशाला? याचं उत्तर फुप्फुसातल्या मॅक्रोफेज नावाच्या पेशींकडे आहे.

मॅक्रोफेज म्हणजे महाभक्षी पेशी. क्षयरोग्याच्या खोकल्यातून उडालेले १ ते ५ मायक्रॉनचे कण थेट वायुकोशांपर्यंत पोचतात आणि तिथली मॅक्रोफेज त्यातला जिवाणू गिळते. गिळलेला जंतू पेशीतल्या एका पिशवीत बंद होतो. एरवी त्या पिशवीत आम्ल वाढतं, सामू ५ च्या आसपास उतरतो, पाचक रसांची दुसरी पिशवी येऊन मिळते आणि जंतूचा निकाल लागतो. क्षयाचा जिवाणू मात्र हे मिळणंच रोखतो आणि सामू सहाच्या वर अडकवून ठेवतो. खायला आलेल्या पेशीतच तो बिऱ्हाड थाटतो आणि साधारण वीस तासांत एकदा दुप्पट होतो.

मग मॅक्रोफेज मदत मागते. इंटरल्यूकिन-१२ हा तिचा निरोप. तो मिळाला की टी पेशी या दुसऱ्या प्रतिकारक पेशी इंटरफेरॉन-गॅमा सोडतात आणि मॅक्रोफेजला मारण्याचं बळ येतं. दुसरा संदेश टीएनएफ (ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर) या प्रथिनाचा. त्याच्या जोरावर मॅक्रोफेज आणि टी पेशी जिवाणूंभोवती दाटीवाटीने जमून गाठ बांधतात. हा ग्रॅन्युलोमा. आतले जिवाणू सगळे मरतात असं नाही. काही वर्षानुवर्षं तसेच पडून राहतात. माणूस धडधाकट असतो, त्याच्यापासून कुणाला लागणही होत नाही.

आमवातात हाच टीएनएफ भलत्या जागी, जंतू नसताना पाझरतो. सांध्याच्या अस्तरातल्या मॅक्रोफेज तो सोडत राहतात, अस्तर जाड होतं, कूर्चा आणि हाड कुरतडलं जातं. इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब ही इंजेक्शनची औषधं टीएनएफलाच धरून निकामी करतात. सांधा निवतो. पण औषधाला सांधा आणि फुप्फुस यांत फरक कळत नाही, त्यामुळे तिकडे गाठीची वीण सैल होते. २००१ साली इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्यांमधल्या क्षयाच्या ७० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. निम्म्यांना औषध सुरू झाल्यापासून १२ आठवड्यांच्या आत क्षय झाला होता, आणि ४० जणांचा क्षय फुप्फुसाबाहेरचा होता. म्हणून या रुग्णांत खोकल्याची वाट बघत बसू नये. संध्याकाळचा ताप, घटणारं वजन, मानेतली गाठ एवढं शंका घ्यायला पुरेसं आहे. एटानरसेप्ट या आणखी एका टीएनएफरोधक औषधात हा धोका तुलनेने कमी दिसतो.

मग टीएनएफ जितका जास्त तितकं बरं? तसंही नाही. झेब्राफिशवरच्या प्रयोगांत टीएनएफ अति झाला तेव्हा मॅक्रोफेज फुटून मेल्या आणि जिवाणू मोकाट सुटले. मेंदूच्या आवरणाच्या क्षयात टीबीच्या गोळ्यांसोबत स्टेरॉइड देतात, ते दाह आवरण्यासाठीच. आणि रोगी वाळवणारा म्हणून शोधलेला कॅकेक्टिन नावाचा रेणू टीएनएफच निघाला, हे १९८५ मध्ये कळलं. आपल्याकडे रोगाचं नावच क्षय, म्हणजे झीज!

आता मॉन्टूकडे. हाताच्या आतल्या बाजूला त्वचेच्या थरातच ०.१ मिलि ट्युबरक्युलिन टोचतात. लगेच ६ ते १० मिमीचा फुगवटा यायला हवा. आला नाही तर सुई खोल गेली, चाचणी पुन्हा करावी. ४८ ते ७२ तासांनी मोजायचा तो कडकपणा, लाली नव्हे. बॉलपेनने बाहेरून आत रेघ ओढत यावं. पेन अडेल तिथे कडा. दोन्ही बाजूंनी तसंच करून हाताच्या आडव्या दिशेने अंतर मोजावं. या रुग्णांत ५ मिमीसुद्धा सकारात्मक धरतात. स्टेरॉइड चालू असेल तर खोटी नकारात्मक येऊ शकते, बीसीजी लशीमुळे खोटी सकारात्मक. म्हणून जमल्यास रक्ताची इग्रा चाचणीही (टी पेशी क्षयाच्या प्रथिनांना इंटरफेरॉन-गॅमा सोडतात का, हे पाहणारी) करावी.

सुप्त क्षय निघाला तर आयसोनायझिड रोज ३०० मिग्रॅ सहा महिने, किंवा आयसोनायझिड-रिफापेंटिन आठवड्याला एकदा, १२ मात्रा. टीएनएफरोधक औषध निदान महिनाभराने सुरू करतात. त्याआधी जागा झालेला क्षय नाही ना, याची खात्री हवीच. तो असताना एकटं आयसोनायझिड दिलं तर त्याला दाद न देणारे जिवाणू मागे उरतात.

एक चकवा मात्र उपचार सुरू झाल्यावर येतो. क्षय उफाळला म्हणून टीएनएफरोधक बंद केलं, टीबीच्या गोळ्या चालू झाल्या, आणि काही आठवड्यांनी ताप परतला, गाठी आणखी सुजल्या. औषध लागू पडत नाही असं वाटतं. नीट तपासल्याशिवाय गोळ्या बदलू नयेत: जिवाणू मरत असतानाही हे होतं, कारण मॅक्रोफेजना त्यांचा टीएनएफ परत मिळालेला असतो.